अडीच सूत

मराठीत काही शब्द असे आहेत की, त्यांची व्युत्पत्ती शोधायला कोश उघडावा लागत नाही. कान उघडे असले की भागते. 'फटफटी' हा त्यांतला एक. ज्या कुणी तो प्रथम उच्चारला त्याला इंग्रजी येत नसेल, पण त्याने यंत्र नीट ऐकले होते एवढे नक्की. आता हा शब्द मागे पडला. माझ्या वर्गातली मुले 'बाईक' म्हणतात, त्यांचे वडील 'गाडी' म्हणतात आणि सरकारी कागदावर ती 'दुचाकी' असते. तिन्ही नावे मुकी आहेत.

गेल्या वर्षी मी 2014 सालची एक हार्ले-डेव्हिडसन विकत घेतली. जुनीच, नवी घेण्याची मराठीच्या प्राध्यापकाची ऐपत नव्हे. थकबाकीचा एक हप्ता आणि एक मुदत ठेव, दोन्ही तिच्या पायी खर्ची पडली. 'आयर्न 883' असे तिचे नाव. ती दारात आणून सुरू केली तेव्हा पंचाहत्तरीची माझी आई माजघरातून बाहेर आली, हातातली जपमाळ थांबवून दोन मिनिटे ऐकत राहिली आणि म्हणाली, "अरे, ही तर फटफटी!" तिच्या लहानपणीचा शब्द साठेक वर्षांनी दारात येऊन उभा राहिला होता.

हा आवाज असा का, हे समजून घेण्यासारखे आहे. या इंजिनात दोन सिलेंडर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे एकमेकांपासून 45 अंशांवर कललेले असतात आणि दोघांचे दट्टे दांडीच्या एकाच खिळीवर अडकवलेले असतात. त्यामुळे दोन्ही ठिणग्या सारख्या अंतराने पडत नाहीत. पहिल्या स्फोटानंतर दुसरा 315 अंशांवर होतो आणि मग पुढच्यासाठी 405 अंश वाट पाहावी लागते. दोन ठोके जवळजवळ, मग किंचित दम. पुन्हा दोन ठोके. लंगडी घालणाऱ्या मुलाच्या पावलांची लय ऐकावी तशी. अमेरिकन माणसाला त्यात 'पोटॅटो-पोटॅटो' ऐकू येते, म्हणजे आपल्या भाषेत बटाटा. या आवाजाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी व्हावी असा अर्ज कंपनीने 1994 साली केला होता आणि 2000 साली तो मागेही घेतला. बटाट्यावर कुणाची मालकी सिद्ध व्हायची!

घरात या खरेदीचे स्वागत मिश्र झाले. आमच्या सौभाग्यवतींनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, "दोन सिलेंडर आणि बसायला एकच जागा?" प्रश्न बिनतोड होता. मी घेतली तेव्हा तिला एकट्याचीच बैठक होती. तेव्हा पहिली सुधारणा आसनाची झाली. दुसरी मागच्या शॉकॲब्सॉर्बरची. या गाडीची घडण मुळात बुटकी, सरळसोट रस्त्यांवर ऐटीत चालण्यासाठी केलेली. आपल्याकडच्या गतिरोधकांशी तिचे जमावे म्हणून दोन इंच उंच शॉकॲब्सॉर्बर बसवले. मागची बाजू उंचावली की पट्ट्याचा ताण पुन्हा तपासावा लागतो. हिला साखळी नाही, रुंद दातेरी पट्टा आहे. तो मध्यावर दहा पौंडांच्या जोराने दाबून किती हलतो ते पाहायचे असते. घरातल्या ताणकाट्याने हे मी केले तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "प्राध्यापक, रद्दी मोजताय की काय?"

जुनी गाडी घेणाऱ्याने तिच्या चकाकीकडे पाहू नये, टायरकडे पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या गाडीवर '1114' होते, म्हणजे 2014 सालचा अकरावा आठवडा. नक्षी जवळजवळ नवी, पण रबर लाकडासारखे. कमी धावलेली गाडी म्हणून विकणारा जे कौतुक सांगत होता, तेच तिचे दुखणे होते. यंत्र चालून झिजते त्याहून बसून अधिक बिघडते. टायर बदलले, बॅटरी बदलली, ब्रेकचे काळपट पडलेले तेल काढून नवे भरले. इंजिनाला एक तेल आणि गिअरपेटीला दुसरे, अशी हिची दोन पोटे आहेत. इंजिनाच्या तेलासाठी वेगळी टाकी असते आणि पातळी बघायची ती इंजिन तापल्यावर; थंड गाडीची पातळी पाहून वर तेल ओतले तर ते जास्त होते आणि हवेच्या फिल्टरमधून बाहेर येते. एकदा समजले की सोपे आहे. मित्रमंडळींनी कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावण्याचा आग्रह धरला होता, तो मात्र मी मानला नाही. असे सायलेन्सर जप्त करून पोलीस त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात, हे एक कारण. आणि ज्याचा आवाज मुळात चांगला आहे त्याने ओरडू नये, हे दुसरे.

येथवर सारे पुस्तकात बघून झाले. अडले ते नंतर.

माझ्या घरातल्या पेटीत आठ, दहा, बारा, तेरा असे मिलिमीटरचे पाने. त्यांतला एकही या गाडीच्या नटांना धड बसेना. कुठे सैल, कुठे घट्ट. ही बया इंचात जन्मलेली. स्पोर्टस्टर घराण्याची ही मुलगी, आणि ते घराणे अमेरिकेत 1957 साली सुरू झाले. योग असा की, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे आणे-पै जाऊन नवा पैसा आला, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत शेर, मण, गज, इंच सगळे कायद्याने निवृत्त झाले. म्हणजे आपण ज्या वर्षी दशमानाकडे निघालो त्याच वर्षी हिचे घराणे इंचात मुक्कामाला बसले.

पाने विकत मिळतात, ते आणले. पण पुढच्या सिलेंडरला सायलेन्सरचा नळा जोडतात तिथला एक स्टड सैल होता. नट आवळावा तर स्टडच फिरे. कुण्या वर्कशॉपात मूळचा स्टड तुटला असावा आणि तिथे आठ मिलिमीटरचा दुसरा जोराने घुसवला असावा. मूळ माप इंचाचे पाच सोळांश, म्हणजे 7.94 मिलिमीटर. फरक केसाएवढा. पण मुळात इंचभर लांबीत आटे अठरा, आणि आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टाचे वीसहून किंचित अधिक. दोन-तीन आटे गोडीने जातात, मग घासाघीस सुरू होते, आणि सिलेंडरचे डोके ॲल्युमिनियमचे असल्याने मऊ पक्ष हरतो. आता आतले आटे गेले होते. नळ्याच्या फटीतून हवा शिरे आणि गाडीचा वेग कमी केला की मागून फटाके वाजत. पुण्यात दोन ठिकाणी विचारले. एकाने सिलेंडरचे डोकेच बदलायला सांगून जो आकडा उच्चारला तो मी घरी कळवला नाही. दुसरा म्हणाला, "सर, एम-सील भरून देतो."

अशा वेळी सासुरवाडी उपयोगी पडते. माझी कोल्हापूरची. सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्य पंप आणि इंजिने यांच्या संगतीत गेले. फोनवर सगळे ऐकून म्हणाले, "जावईबापू, पुण्यात हेलपाटे कशाला घालता? उद्यमनगरात आणा."

मार्गशीर्षातल्या एका पहाटे निघालो. 230 किलोमीटरचा रस्ता. खंबाटकीचा घाट चढताना गाडीने दाखवून दिले की, तिला गिअर बदलण्याची घाई नसते. खालच्या वेगातला तिचा जोर बैलासारखा, न ओरडता ओढणारा. उतारावर मात्र फटाके. सातारा मागे पडला, कऱ्हाडला कृष्णेवर धुके होते. पुढे ऊस सुरू झाला. दोन-दोन ट्रॉल्यांची मोळ्यांनी लादलेली शेपटी ओढत ट्रॅक्टर चालले होते आणि प्रत्येकावर कर्ण्यातून गाणी. माझ्या फटाक्यांची त्यांच्यापुढे काही मात्रा नव्हती. शिरोलीच्या कारखान्यांवरून ओतीव लोखंडाचा करपट वास आला, गुऱ्हाळाचा गोड वास त्यात मिसळला, आणि पंचगंगा ओलांडण्यापूर्वीच कोल्हापूर आल्याचे नाकाने सांगितले.

कोल्हापूर म्हटले की पाहुणे अंबाबाई, रंकाळा आणि तांबडा-पांढरा यांच्याकडे वळतात. वळावेच. पण या शहराचे एक चौथे दैवत आहे आणि ते शिवाजी उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमध्ये राहते. त्याचे नाव लेथ. शाहू महाराजांनी 1906 साली इथे गिरणीचा पाया घातला, शाहूपुरीची गुळाची पेठ वाढवली. नदीचे पाणी उसाला आणायचे तर इंजिन हवे, चरक फिरवायचा तर इंजिन हवे. इंजिने आली विलायतेहून. ती बिघडणार इथे, मळ्यात, ऐन हंगामात. आणि सुटा भाग येणार बोटीने. शेतकऱ्याचा ऊस बोटीची वाट पाहत नाही. या निकडीतून इथला मिस्त्री घडला. भाग मिळत नाही ना, मग करू. मिस्त्री हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, त्यांच्या 'मेस्त्रे'पासून, म्हणजे गुरू किंवा उस्ताद. तो अर्थ या गावाने राखला आहे. याच गावात बाबूराव पेंटर यांनी दामल्यांना हाताशी धरून 1918 साली स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि त्यावर काढलेला 'सैरंध्री' 1920 साली पडद्यावर आला. चित्रकार माणूस, पण कॅमेरा मिळत नाही म्हणून रडत बसला नाही. कलापूर आणि यंत्रपूर अशी दोन गावे इथे नाहीत, एकच आहे.

उद्यमनगरात शिरलो. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना शेडी. एका शेडीत नुसते दातेरी चक्रे कापणारे, शेजारी नुसते पॉलिश करणारे, पलीकडे कुणी स्प्रिंगा वळणारे. दुधासारखे पांढरे थंडाव्याचे पाणी धातूवर ओघळते आहे, लोखंडाचा निळसर कीस कुरळा होऊन पायाशी पडतो आहे, आणि या सगळ्यांतून चहाची किटली घेतलेला पोरगा कुणालाही न लागता वाट काढतो आहे. गाडी थांबवेपर्यंत पंधरा माणसे जमली. कुणी किंमत विचारली नाही. पुण्यात पहिला प्रश्न किमतीचा आणि दुसरा मायलेजचा असतो, इथे एकजण खाली वाकून म्हणाला, "पुढच्या नळ्याची गॅस मारतीया."

सासऱ्यांच्या ओळखीचे मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. सगळे त्यांना मामा म्हणत. मीही म्हणू लागलो. डोक्यावर टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. "काय सर, हत्ती आणलायसा की!" एवढे बोलून ते गाडीभोवती न फिरता थेट दुखऱ्या जागी बसले. स्टड बोटांनी फिरवून काढला आणि विजेरी आत धरून भोकाच्या तळाला शाबूत राहिलेले एक-दोन आटे बघितले. मग शेजारचा धड स्टड काढून घेतला, पात्यापात्यांचे आट्यांचे गेज काढले, एक पाते लावले, ठेवले. दुसरे लावले आणि उजेडापुढे धरले. मला सांगण्यासाठी नव्हे, स्वतःशीच म्हणाले, "अडीच सूत. अठरा आटी."

सूत! हा शब्द मी वर्गात शंभरदा शिकवला आहे. सुताने स्वर्ग गाठणारे लोक, सुतासारखे सरळ आलेले लोक, सूत जुळलेले लोक. पण इंचाचा आठवा भाग म्हणून तो जिवंत कानावर पडला तो त्या शेडीत. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा, आणि पाच सोळांश म्हणजे बरोबर अडीच. अपूर्णांकाचे अपूर्णपण मराठीने किती सहज झाकले आहे! मी कागद काढून हिशेब केला. या इंजिनाच्या सिलेंडरचा व्यास तीन इंच, म्हणजे चोवीस सूत. दट्ट्याची धाव तीन पूर्णांक तेरा सोळांश इंच, म्हणजे साडेतीस सूत. सगळी हार्ले कोल्हापुरी मापात बसत होती. मामांना सांगितले तर ते म्हणाले, "मग? त्येंनी बी सुतातच काढली असंल."

दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी हार्ले दिल्लीत उतारूंच्या रिक्षा होऊन 1990 च्या दशकापर्यंत धावत होत्या, त्यांनाही लोक फटफटीच म्हणत. त्यांचे सुटे भाग अमेरिकेतून येत नव्हते. असेच कुणी मामा तिथेही असणार.

कामाला दोन दिवस लागले. सिलेंडरचे डोके न उतरवता भोक मोठे करायचे, त्यात बाहेरून-आतून आटे पाडलेला गनमेटलचा बुश बसवायचा, आणि त्यात नवा स्टड. धोका होता, हातातले ड्रिल एक रेघ तिरके गेले तर डोके खरोखरच बदलावे लागले असते आणि तो पुण्याचा आकडा घरी सांगावा लागला असता. मामांनी आधी शेजारच्या धड स्टडवर अडकणारी एक लोखंडी पट्टी बनवली, तिला नेमके भोक पाडले, आणि ड्रिल त्या भोकातून चालवले. म्हणजे हात थरथरला तरी पाते थरथरणार नाही. एका भोकासाठी आधी सकाळभर दुसरे भोक. मी स्टुलावर बसून होतो. बोलायची छाती नव्हती.

मग लेथ. जुना, पट्ट्यावर चालणारा, आटे कापायच्या लांब दांडीला इंचाचे फेर असलेला. अशा यंत्रावर इंचाचे आटे साध्या चक्रांनी पडतात. मिलिमीटरचे पाडायचे तर 127 दातांचे एक चक्र लागते, कारण 1959 साली ठरल्याप्रमाणे इंच म्हणजे बरोबर 25.4 मिलिमीटर, आणि त्याचा पूर्णांक व्हायला पाचाने गुणावे लागते. 127 ही मूळ संख्या. तिला लहान चक्रांत फोडता येत नाही. मामांच्या भिंतीवर ते एक मोठे चक्र धूळ खात टांगलेले होते. "ते लावलं की मिलिमीटर. न्हाईतर ह्यो जुना माणूस हाय, सुतात बोलतोय," असे ते यंत्राच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले.

दुपारी त्यांचा मुलगा आला. शिरोलीत संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचा कारखाना आहे त्याचा, भागीदारीत. हुशार आणि गोड मुलगा. त्याच्याकडून कळले की लेथ विकायचा ठरला आहे. शेडीची जागा मोकळी करायची आहे. भंगारवाला येऊन बघून गेला, भाव किलोवर ठरला. मी हळहळलो तसा तो हसला. "सर, आण्णा तुम्हाला सूत सांगत असतील. आमच्या मशीनला जी-वीस मारलं की इंच, जी-एकवीस मारलं की मिलिमीटर. एका ओळीचं काम."

"मग माझा स्टड तिकडे करून द्याल?"

"एक नग?" तो मनापासून विचार करून म्हणाला, "सेटिंगलाच अर्धी शिफ्ट जाईल सर. परवडणार न्हाई. आमचं काम पाच हजार नगांपासनं सुरू हुतं."

त्याचे म्हणणे रास्त होते. त्याच्या यंत्रावर इंच मरत नाही, मिलिमीटरही मरत नाही. मरतो तो एक नग मागणारा माणूस. ज्याचे इंजिन मळ्यात बंद पडले आहे तो, आणि आता मी. मामा तोवर कापलेला स्टड नटात फिरवून बघत होते. बापलेकांच्या बोलण्याकडे त्यांचे लक्ष नव्हते, किंवा तसे दाखवत होते.

संध्याकाळी सगळे जोडून झाले. आट्यांना तांब्याचे ग्रीस लावले, म्हणजे पुढच्या वेळी उघडताना पुन्हा हीच कथा नको. गाडी सुरू केली. मामांनी लांब पेचकसाचे टोक सिलेंडरला लावले, मूठ कानाला, आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला. "लंगडतीया," ते म्हणाले, "पर जल्मापासनंच लंगडतीया. बरूबर हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उभयता पन्हाळ्याला जाऊन आलो. चढावर ती शांत, उतारावर शांत. एकही फटाका नाही. तीन दरवाज्यापाशी उतरल्यावर सौभाग्यवतींनी आसनाविषयी एक अनुकूल शब्द उच्चारला, तो मी जपून ठेवला आहे. परत येताना उद्यमनगरात थांबलो, कारण पहिल्या तापानंतर गार झाल्यावर नट पुन्हा आवळावा लागतो, असे मामांनी बजावले होते. त्यांनी तो पाव फेरा आवळला, हात पुसले आणि फळीवरून तंबाखूची एक रिकामी डबी काढून माझ्या हातावर ठेवली. आत तेलात बुडवलेले तीन नवे स्टड.

"ह्यो जादाचे," ते म्हणाले. "चार हायेत तुमच्या गाडीला. एक झाला. बाकीचे कवातरी जाणार, तवा कुठं शोधत फिरशीला?"

पैसे विचारले तर सगळ्याचे मिळून नऊशे सांगितले. सासरे घरी म्हणाले, जास्त घेतले. डबी आता माझ्या टेबलाच्या खणात खडूंच्या शेजारी आहे. झाकणावर मामांनी खिळ्याने कोरून ठेवले आहे, 2॥ सूत, 18 आटे.